घरचं वर्कशॉप, लेखांक ९ : शाफ्टवर घसरणारं बेअरिंग

मागच्या लेखांकात कडबाकुट्टीची मोटर उघडून ठेवली होती. बेअरिंग काढायला पुलर आणून ठेवला, पण लावावाच लागला नाही. बोटांनी ओढलं आणि बेअरिंग हातात आलं. एरवी असं काही सहज निघालं की बरं वाटतं. इथे मात्र पोटात गोळा आला, कारण शाफ्टवर विटकरी पूड बसली होती. पाण्याने धरलेला गंज असा दिसत नाही. लोखंडावर लोखंड घासून निघालेला बारीक कीस हवेने तांबडा होतो, त्याची ही पूड.

मोटर २ एचपीची, बेअरिंग ६२०५ नंबरचं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक कळतं : २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. नव्या मोटरीत शाफ्ट २५ पेक्षा किंचित जाडच ठेवतात, २ ते १५ मायक्रॉनने, म्हणजे बेअरिंग दाबूनच बसतं. आमचा शाफ्ट मायक्रोमीटरवर २४.९५ भरला. फट ५० मायक्रॉन, डोक्यावरच्या केसाहून बारीक. शेजारचे काका म्हणाले, ‘एवढ्याशाने काय होतंय?’

काय होतं ते मोजता येतं. भोक शाफ्टपेक्षा मोठं, म्हणून त्याचा घेरही मोठा. शाफ्टच्या एका फेऱ्यात आतली रिंग घेरांच्या फरकाएवढी मागे पडते : ०.०५ गुणिले ३.१४, म्हणजे ०.१५७ मिलिमीटर. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तासाभरात रिंग शाफ्टवरून साडेतेरा मीटर सरकते, तेही कोरडी, वर पट्ट्याचा ताण असताना. पूड तिथून येते. पूड निघाली की फट वाढते आणि फट वाढली की पूड.

यावरचे गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक आहेत. सेंटर पंचने शाफ्टवर ठिपके मारायचे, की कडा उचलून बेअरिंग घट्ट बसतं. बसतं खरं, पण फक्त त्या टोकांवर. टोकं चेपली की पुन्हा पहिलं पान. दुसरा इलाज कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळण्याचा. तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे सगळीकडून गुंडाळला तर व्यास ०.२ ने वाढतो. आपली फट त्याच्या पावपट. रीतसर इलाज म्हणजे शाफ्टवर वेल्डिंगचा भर घालून लेथवर पुन्हा टर्न करणं. पण अर्ध्या दशांश मिलिमीटरसाठी रोटर तालुक्याला नेणं जिवावर येतं.

अशा बारीक फटीसाठीच रिटेनिंग कंपाउंड असतं. दुकानात ‘बेअरिंगचं लॉकटाइट’ म्हटलं तरी कळतं. लॉकटाइट ही कंपनी १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी काढली. हवा लागली की पातळ राहणारा आणि हवा तुटली की घट्ट होणारा द्रव आधीच माहीत होता, पण तो टिकवायला त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. क्रीबल यांनी तो बाटलीत टिकेल असा केला. म्हणून ही बाटली अर्धवटच भरलेली येते. वरची मोकळी जागा हवेसाठी आहे. दुकानदाराने माप मारलेलं नाही, भांडू नका.

हवा तुटणं आणि धातूचा स्पर्श, दोन्ही जुळलं की द्रव घट्ट होतो. लोखंड, पितळ यांवर लवकर, स्टेनलेसवर रेंगाळत. फटीबाहेर ओघळलेलं तसंच ओलं राहतं. ते पाहून आपलं काम फसलं असं समजून पहिल्यांदा मी सगळं पुन्हा उघडलं होतं. धरत आलेलं बेअरिंग माझ्याच हाताने सोडवलं!

खरं काम बाटली उघडण्याआधीचं आहे. पूड पॉलिश पेपरने काढा, मग शाफ्ट आणि बेअरिंगचं भोक अ‍ॅसिटोनने पुसा. पांढरी चिंधी पांढरीच निघेपर्यंत. तेलाचा हात लागला तर पुन्हा पुसा. द्रव शाफ्टवरच लावा, पातळ, गोल. बेअरिंगवर ओतू नका. गोळ्यांमध्ये गेला तर तिथेही हवा तुटते, आणि नवं बेअरिंग जाम होतं. फिरवत फिरवत बसवा, ओघळ पुसा, २४ तास हात लावू नका.

आता याची मर्यादा. द्रव फट भरतो, पण शाफ्ट मधोमध आणत नाही. वजनाने एक बाजू टेकते आणि सगळी फट दुसऱ्या बाजूला जाते. छोट्या मोटरीत रोटर आणि स्टेटरमध्ये पाव ते अर्धा मिलिमीटरच अंतर असतं. बाटलीवर पाव मिलिमीटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असलं तरी मोटरीत मी ०.१ च्या पुढे जात नाही. त्यापुढे लेथच.

आणि बाहेरची रिंग कव्हरमध्येही चिकटवून टाकू म्हणाल, तर दोन्ही टोकांना नको. शाफ्ट तापला की लांबतो : ३०० मिलिमीटरचा शाफ्ट ५० अंश तापला तर सुमारे ०.१८ मिलिमीटर. एका टोकाचं बेअरिंग सरकायला मोकळं हवं, नाहीतर दोन्ही एकमेकांना रेटत बसतात.

लॉकटाइटचा कुठला नंबर घ्यायचा? ६३८ फार घट्ट धरतो. कंपनीच्या चाचणीत चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनच्या आसपास. ६२०५ च्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ११७८ चौरस मिलिमीटर, म्हणजे कागदावर तीन टनांचा जोर. प्रत्यक्षात निम्मा धरला तरी आपला पुलर हात टेकतो. पुढे बेअरिंग बदलायचं असेल तर मध्यम पकडीचा ६४१ बरा. आमच्या मोटरीला मी तोच लावला. ६३८ लावलेलं काढायचं तर आतल्या रिंगला अडीचशे अंशांपर्यंत शेक द्यावा लागतो, आणि गरम असतानाच ओढावं लागतं. त्यात बेअरिंग भंगारात जातं.

चौथ्या दिवशी कडबाकुट्टी चालू केली. कव्हर बसवण्याआधी आतल्या बाजूला ऑइलपेंटने तारीख घातली आणि लिहिलं : ‘बेअरिंग चिकटवलं आहे, ६४१. नुसता हातोडा मारू नये.’