नावेत इंटरनेट येते कुठून?

सोलापूर जिल्ह्यात भीमेवर उजनी धरण आहे. जलाशयातल्या नावेत मोबाइलवर इंटरनेट मिळाले, तर ते येते कुठून? पाण्यात तर मनोरा नसतो!

काठावरच्या मनोऱ्यातून निघालेल्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वाटेत टेकडी नसली, की त्या पाण्यावरून थेट नावेपर्यंत पोचतात.

मग खोल समुद्रात त्या का पोचत नाहीत? कारण पृथ्वी गोल आहे! मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ३.६ने गुणा, क्षितिज साधारण तितके किलोमीटर दूर असते. ४९ मीटर उंच मनोऱ्यासाठी हे अंतर २५ किलोमीटर, तर बोटीवर ४ मीटर उंच बसवलेल्या अँटेनासाठी ७. बेरीज ३२. हवेमुळे लहरी किंचित वाकून थोड्या पुढे जातात. त्यापलीकडे मात्र पाण्याचाच फुगवटा आड येतो.

तेथे उपग्रह मदतीला येतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत किनाऱ्यावर संदेश पोचायला सुमारे पाव सेकंद लागतो. बोट डोलली तरी तिची अँटेना उपग्रहाकडेच रोखलेली राहावी लागते. आलेले इंटरनेट मग वाय-फायने बोटीभर वाटता येते. वादळाचा इशारा असा वेळेवर मिळाला, तर खलाशांचे प्राण वाचू शकतात.

आता सांगा पाहू : ९ मीटर उंच गच्चीवरून क्षितिज किती दूर असेल?