स्वप्नात जागे राहायचे, तर आधी ते आठवायला हवे

गडचिरोली, प्रतिनिधी : धानाच्या राखणीसाठी जागलीला जाणारा शेतकरी रात्रीतून अनेकदा जागा होतो. अशा तुटक झोपेतील स्वप्ने अधिक आठवतात. स्वप्न पडणे आणि ते आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वप्न सुरू असताना अथवा संपताक्षणी जाग आली, तरच ते सहसा स्मरणात राहते.

शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा जगासमोर आणला. ठसठशीत स्वप्ने प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. साधारण दर दीड तासाने येणारा हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो.

स्वप्नवही कशी ठेवावी?

वही-पेन उशाशी ठेवावे. जाग येताच कूस न बदलता, डोळे मिटूनच स्वप्न आठवावे. एखादा चेहरा किंवा नुसती भीती आठवली, तरी ती लगेच लिहावी. नियमित नोंदींतून वारंवार येणाऱ्या खुणा ओळखता येतात.

हे स्वप्न आहे, असे स्वप्नातच उमगणे म्हणजे सजग स्वप्न. ही कल्पना नवी नाही. गडचिरोलीशेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या बौद्ध परंपरेत स्वप्नयोगाची साधना सांगितली आहे. भारतीय आचार्य नारोपा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांमध्ये तिची गणना होते.

इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये झोपलेल्या व्यक्तीकडून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींद्वारे संकेत मिळविला. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही ते सिद्ध केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर काहींनी स्वप्नातूनच सोप्या वजाबाकीचे उत्तर दिले.

सराव आणि सावधगिरी

दिवसातून काही वेळा मजकूर दोनदा वाचून 'मी स्वप्नात तर नाही ना?' असे तपासावे. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. झोपताना 'स्वप्न पडताच ते ओळखीन' असा निश्चय करावा. पाचेक तासांनी उठून, थोडे जागून पुन्हा झोपताना हाच निश्चय केल्यास यशाची शक्यता वाढते.

मात्र हा प्रयोग रोज करू नये. झोप मोडून मिळविलेले स्वप्न दिवसाच्या थकव्याने महागात पडते. भास होणाऱ्या अथवा मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा सराव करू नये. वारंवार भयस्वप्ने पडत असल्यास जागेपणीच त्यांचा शेवट बदलून मनात घोळविण्याची उपचारपद्धती उपलब्ध आहे. त्यासाठी झोप मोडावी लागत नाही.