होंडो माढ्याला येणार नाही

माढ्यातली पोलीस भरतीची पोरं पहाटे पाचला रस्त्यावर असतात. कुर्डुवाडीकडे निघालेल्या दूधगाडीच्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या बनियनी तेवढ्या दिसतात. ग्राउंड झालं की टपरीवर चहा, आणि चहाबरोबर मोबाईलवर ‘स्वॅट’ ही अमेरिकी मालिका. शेमार मूरनं रंगवलेला होंडो दार फोडून आत घुसतो, चाळीसेक मिनिटांत ओलीस सुटतात, बदमाश आडवे होतात. परवा त्यातला एकजण म्हणाला, “सर, हिथनं डायरेक्ट कमांडो व्हायला कुठला फॉर्म भरायचा?” मी या पोरांना सामान्यज्ञान शिकवतो, त्यामुळं असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात.

असा फॉर्म नसतो. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर राज्यानं ‘फोर्स वन’ हे खास दल उभारलं, ते नोकरीत असलेल्या पोलिसांतून. पहिल्या तुकडीसाठी सुमारे ३ हजार अर्ज आले आणि त्यातून २१६ जण निवडले गेले. म्हणजे आधी शिपाई व्हायचं. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुणांचं ग्राउंड, मग १०० गुणांची लेखी, मग प्रशिक्षण, मग बंदोबस्तात उन्हातान्हात उभं राहणं. कमांडो हा त्याच्या पुढचा विषय.

“मग एसआरपीत जातो,” असं म्हणणारा प्रत्येक घोळक्यात एक असतोच. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १० आपल्या सोलापुरात सोरेगावला आहे, त्यामुळं इकडच्या पोरांना ते घरचं वाटतं. तिथं १६०० मीटरऐवजी ५ किलोमीटर पळावं लागतं, म्हणून ‘एसआरपी म्हणजेच कमांडो’ असा समज पसरला असावा. १९४८ साली उभं राहिलेलं हे दल मुख्यतः राखीव बळ आहे. दंगल, निवडणूक, मोठी यात्रा, जिथं स्थानिक पोलीस कमी पडतात तिथं ते जातं. त्याचं काम मोठं आहे, पण मालिकेतलं नाही.

‘स्वॅट’ म्हणजे अमेरिकेचं लष्कर, हाही एक लाडका गैरसमज. ते पोलीसच. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९६७ मध्ये हे पथक सुरू केलं. डॅरिल गेट्स या अधिकाऱ्याला नावात ‘हल्ला’ या अर्थाचा शब्द हवा होता. फार लष्करी वाटतो म्हणून वरिष्ठांनी तो काढायला लावला आणि तिथं ‘डावपेच’ आला. त्या पथकाचे जवान बोलणी करण्यातही तयार केले जातात, कारण आत कोंडून बसलेला माणूस बोलण्यानं बाहेर आला तर दार फोडायची वेळच येत नाही. मालिकेत हे दिसतं, पण घाईघाईनं. तीन तास फोनवर एकाच माणसाची समजूत काढणं कोण बघणार? भारतात हे नाव दिल्ली पोलिसांनी उचललं, २०१८ मध्ये तर त्यांनी ३६ महिलांचं स्वॅट पथक आणलं.

आता सगळ्यात खोल रुजलेला समज. संकट आलं की काळ्या गणवेशातलं पथक काही मिनिटांत हजर होतं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, कमांडो हरियाणातल्या मानेसरहून दिल्लीमार्गे विमानानं निघाले आणि मुंबईत पोचेपर्यंत पहाट झाली. कारवाई संपली २९ तारखेच्या सकाळी. मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं झाली ती त्यानंतर, २००९ मध्ये. कमांडो पोचेपर्यंतची आख्खी रात्र कोणी काढली? मुख्यतः ज्यांच्या नावापुढं कमांडो लागत नव्हतं अशांनी. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, जावळीतल्या केडंब्याचे. गिरगाव चौपाटीवर हातात काठी असताना त्यांनी दहशतवादी कसाबची रायफल धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. आणि अशोक कामटे. सोलापूरकरांना त्यांचा परिचय द्यायला नको, ते इथले पोलीस आयुक्त होते. कामा रुग्णालयामागच्या गल्लीत हेमंत करकरे, विजय साळसकर आणि कामटे एकाच गाडीत होते. तिघेही गेले. तिघेही मोठे अधिकारी, पण एकही कमांडो म्हणून तिथं गेला नव्हता. मुंबईत जे घडलं ते माढ्यालाही लागू आहे. ११२ फिरवला की येणार तो ठाण्यातला हवालदारच.

मुंबईकडं खास पथक नव्हतं असंही नाही. शीघ्र कृती दल होतं. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीला दिसलं की या जवानांचा गोळीबाराचा सरावच काडतुसं पुरत नाहीत म्हणून थांबला होता. मालिकेत बंदुकीवरून चर्चा होते, काडतुसाच्या मागणीपत्रावरून कधीच होत नाही. मला विचाराल तर त्या एका कागदावर एक भाग निघायला हरकत नव्हती.

झाडलेल्या गोळीचा हिशेबही पडद्यावर येत नाही. पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला तर पुढं काय करायचं, याची १६ मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ ला घालून दिली, आणि तो खटला महाराष्ट्राविरुद्धचाच होता. गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्या ठाण्याकडं किंवा सीआयडीकडं द्यायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करायची. पुंगळी न् पुंगळी जपून ठेवावी लागते. होंडो संध्याकाळी मित्रांत हसत बसतो, इथला शिपाई जबाब देत बसेल.

दार नसलेली लढाई तर या पोरांच्या कल्पनेतच नाही. गडचिरोलीचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक १९९० मध्ये के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना उभं राहिलं, साठ जणांचं म्हणून हे नाव. गोंडी-माडिया बोलणारी, तिथल्याच रानात वाढलेली माणसं हे त्याचं मुख्य हत्यार. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी गडचिरोली पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. तिथं समोर शत्रू दिसलाच नाही. उलट १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा गोळी सुटली नाही. घरच्यांना भेटून ‘पोराला परत बोलवा’ म्हणत राहणं हेही सी-६० च्या कामात येतं.

शेवटी टपरीवरचा एकजण म्हणाला, “पण सर, न्यूजवाले तर सगळं लाईव्ह दाखवतात.” दाखवत होते. २६/११ ला ताज हॉटेलबाहेरचे कॅमेरे जे दाखवत होते ते कराचीत बसलेले सूत्रधार बघत होते आणि आतल्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या निकालात, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्यावरून खडसावलं. २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद आहे, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच द्यायचं. मालिकेचा कॅमेरा पथकाच्या पुढं दारातनं आत शिरतो, खरा कॅमेरा त्यामुळं गल्लीच्या तोंडाशी अडवलेला असतो.

ऐकून घेतल्यावर कमांडोचा फॉर्म विचारणाऱ्या पोरानं मोबाईल खिशात घातला आणि हातातलं घड्याळ दाखवलं. १६०० मीटरला त्याला ५ मिनिटं ४० सेकंद लागले होते. पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं.