वुर्झेल उर्फ मुळे आणि शिकागोची आग



ज्यांची पोरं इथे चर्चच्या डे-केअरमध्ये जातात, त्यांच्या कानावरून ‘जीझस लव्ह्ज द लिटल चिल्ड्रन’ नक्की गेलं असेल. शब्द एका पाद्र्याचे, पण चाल जॉर्ज फ्रेडरिक रूटची, आणि ती बांधली होती युद्धकैद्यांच्या गाण्यासाठी! एवढं कळल्यावर मी या माणसाच्या मागे लागलो. भजनं रचणारा आणि गाणी छापून विकणारा हा शिकागोकर मला भलताच जवळचा वाटला.

जन्म १८२० चा, मॅसॅच्युसेट्समधला. आईवडिलांनी नाव ठेवलं ते संगीतकार हँडेलवरून. बॉस्टनला गाणं शिकला, मग न्यूयॉर्कच्या अंधशाळेत शिकवायला लागला. तिथे भेटली फॅनी क्रॉस्बी, पुढे हजारो भजनं लिहिणारी अंध कवयित्री. तिचे शब्द, याची चाल अशी जोडी जमली. पण असली हलकीफुलकी गाणी स्वतःच्या नावावर काढायला गुरुजींना संकोच! म्हणून टोपणनाव घेतलं ‘वुर्झेल’. जर्मनमध्ये वुर्झेल म्हणजे रूट, म्हणजे मूळ. थोडक्यात, आपले मुळेच की हो.

एकदा त्याने बॉस्टनच्या एका प्रकाशकाला सहा गाणी ६०० डॉलरला एकरकमी देऊ केली. प्रकाशकाला सौदा महाग वाटला. तो म्हणाला, त्यापेक्षा खपेल तशी रॉयल्टी घे. झालं, त्यातल्या ‘रोझली, द प्रेअरी फ्लॉवर’ या एकाच गाण्याने रूटला जवळजवळ ३,००० डॉलर मिळवून दिले. आणि शब्द लिहिणारी क्रॉस्बी? तिला कवितेमागे एक-दोन डॉलर, विषय संपला. इथे मला रूटचा जरा रागच आला. नोकरी धरताना आपण सगळ्यांनीच सही करून दिली आहे ना, की इथे लिहू तो कोड कंपनीचा! आपण क्रॉस्बीच्या रांगेतले.

१८५८ मध्ये त्याच्या भावाने कॅडी नावाच्या भागीदाराबरोबर शिकागोत ‘रूट अँड कॅडी’ हे संगीताचं दुकान काढलं. लवकरच रूटही त्यात आला आणि मालकाच्या बाजूला बसला. मग यादवी युद्ध पेटलं. १८६२ मध्ये लिंकनने सैनिक मागितले, ते ऐकून दुपारी रूटला गाणं सुचलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात लिहून पुरं केलं. शाई वाळतेय तोवर लोंबार्ड बंधू हे गवई दारात हजर, त्यांना सभेत म्हणायला काहीतरी नवीन हवं होतं. हेच ते ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’. दक्षिणेकडच्या प्रकाशकांनी आपले शब्द घालून तेच गाणं खुशाल छापलं. शत्रूदेशात कसला कॉपीराइट!

युद्धकैद्यांचं ‘ट्रॅम्प! ट्रॅम्प! ट्रॅम्प!’ आलं १८६४ मध्ये, आणि त्याची गंमत आणखी निराळी. दुकानाच्या मासिकात एक पान रिकामं राहिलं होतं, ते भरायला दोन तासांत उरकलेलं गाणं. भावाला ते फारसं आवडलंही नव्हतं. हीच चाल १८६७ मध्ये आयरिश देशभक्तांनी उचलली, आणि पुढे रविवारच्या शाळांनी.

दुकान होतं क्रॉस्बीज ऑपेरा हाऊसच्या इमारतीत (या क्रॉस्बीचा फॅनीशी संबंध नाही). ते थिएटर नव्याने सजवून ९ ऑक्टोबर १८७१, सोमवारी संध्याकाळी उघडणार होतं. रविवारी रात्री शिकागो पेटलं. सोमवारी ना थिएटर, ना दुकान. माल राख झाला, पण मालकी हक्क जळत नाहीत, आणि देणी तर नाहीतच नाहीत. ती भागवायला हक्कच विकावे लागले. सुट्या गाण्यांच्या प्लेट्स आणि कॉपीराइट क्लीव्हलँडच्या ब्रेनर्डकडे गेले, पुस्तकांचे सिनसिनाटीच्या जॉन चर्च कंपनीकडे (चर्च हे आडनाव बरं का). ज्या रॉयल्टीने हा माणूस वर आला होता, ती गाणी अशी हातची गेली. तरीही कंपनी काही सावरली नाही, पुढे दिवाळंच निघालं.

तेव्हा रूट पन्नाशी ओलांडलेला. तो जॉन चर्च कंपनीसाठी पुस्तकं लिहायला आणि संपादन करायला बसला, ते थेट म्हातारपणापर्यंत. १८९१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, मरणाच्या चार वर्षं आधी. छापलं कोणी? जॉन चर्च कंपनीने.