पॅकेट-स्विचन, दूरध्वनी जालातील

संभाषण संपेपर्यंत दोन ग्राहकांसाठी एक स्वतंत्र मार्ग राखून ठेवण्याच्या पद्धतीस मंडल-स्विचन म्हणतात. संदेशाचे लहान तुकडे (पॅकेट) करून व प्रत्येकावर पत्ता घालून ते सामाईक मार्गाने पाठविण्याच्या पद्धतीस पॅकेट-स्विचन म्हणतात. ही दुसरी कल्पना १९६०–७० या दशकात पॉल बॅरन (अमेरिका) व डॉनल्ड डेव्हिस (ब्रिटन) यांनी स्वतंत्रपणे मांडली. १९६९ मध्ये आर्पानेट या संगणक जालात ती वापरात आली.

मंगळवेढा (जि. सोलापूर) येथून मुंबईस दूरध्वनी केला असता अंकीय मंडल-पद्धतीत वाटेतील केंद्रांमधून सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेची वाहिनी त्या संभाषणापुरती अडून राहते, दोघे गप्प असले, तरी ती इतरांस मिळत नाही. पॅकेट-पद्धतीत ही नासाडी टळते. परंतु राखीव मार्गामुळे आपोआप मिळणाऱ्या सोयी वेगळ्याने निर्माण कराव्या लागतात.

पहिली अडचण विलंबाची. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरतात. वरील दराने तो १६० बाइट होतो व पत्ता इ. माहितीची सु. ४० बाइट भर पडते. पॅकेट असमान अंतराने पोहोचत असल्याने ती थोडा वेळ साठवून मग सलग ऐकवितात. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांहून बराच वाढल्यास संभाषणाचा मेळ बिघडतो; म्हणून आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम देतात.

दुसरी अडचण विजेची. तांब्याच्या तारेतून केंद्रातील ४८ व्होल्ट विद्युत् घटमालेची वीज ग्राहकाच्या उपकरणास मिळते. त्यामुळे गावातील वीज गेली, तरी दूरध्वनी चालतो. प्रकाशीय तंतूतून अशी वीज मिळत नाही. म्हणून ग्राहकाकडे स्वतंत्र विद्युत् घटमाला नसल्यास भारनियमनाच्या काळात वैद्याला वा पोलिसांना बोलावणेही अशक्य होते.

तिसरी अडचण संक्रमणकाळाची. सर्व केंद्रे एकाच दिवशी बदलता येत नाहीत. म्हणून दोन्ही जालांमध्ये आवाज व संकेत यांचे रूपांतर करणारी प्रवेशद्वारे बसवावी लागतात. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने उष्णता व धूळ सहन करणारे, वातानुकूलनाविना चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र विकसित केले. असे पहिले केंद्र १९८६ मध्ये कित्तूर (कर्नाटक) येथे सुरू झाले. पुढे आपली जुनी केंद्रे पॅकेट-पद्धतीत आणण्यासाठी याच संस्थेने ग्राहकांच्या तांब्याच्या तारा कायम ठेवणारी यंत्रणा तयार केली. त्यामुळे नव्या पद्धतीतही तारेतून वीज मिळण्याची सोय टिकते. ग्रामीण भागात रूपांतराचे यश वेगाइतकेच या सोयीवर अवलंबून असते.