मुलांचे वर्तनोपचार : कुटुंबाने कोणती अपेक्षा ठेवावी?

चंडीगडच्या सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था साऱ्या उत्तर भारतात ‘पीजीआय’ या नावानेच ओळखली जाते. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश येथून आलेल्या रुग्णांच्या गर्दीत बँका, विमा कंपन्या, सैन्यदल आणि केंद्रीय कार्यालये यांतील बदलीमुळे त्या शहरात काही वर्षे राहणारी मराठी कुटुंबेही असतात. चार वर्षांचे मूल अजून बोलत नाही, सहा वर्षांचा मुलगा वर्गात क्षणभर बसत नाही, आठ वर्षांची मुलगी मनाविरुद्ध काही घडले की स्वतःचाच हात चावते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या पालकांना तपासणीनंतर ‘वर्तनोपचार’ हा शब्द ऐकावयास मिळतो. सामान्यतः पालकांची कल्पना अशी असते की मूल उपचारकाच्या स्वाधीन करावयाचे, तासाभराने परत न्यावयाचे आणि काही महिन्यांनी सुधारलेले मूल हाती यावयाचे. ही कल्पना चुकीची आहे आणि बहुतेक कुटुंबांचा पैसा, वेळ व उमेद या चुकीपायीच खर्ची पडते. वर्तनोपचारात मुलाइतकेच, किंबहुना काही वेळा मुलापेक्षा अधिक, शिक्षण घरातील मोठ्या माणसांचे होत असते.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहावयास बोलावले होते. पीजीआयमध्ये १९६३ साली डॉ. एन. एन. विग यांनी मनोविकारशास्त्र विभाग उभा केला. याच विभागाने १९७५ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात चंडीगडजवळील रायपूर रानी या ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखण्याचे शिक्षण दिले. पुढे डॉ. सविता मल्होत्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते चौदा वर्षे वयाच्या मुलांच्या वर्तनसमस्या मोजण्यासाठी ७५ प्रश्नांची भारतीय प्रश्नावली तयार केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि सेक्टर ३१ मधील बौद्धिक अक्षमतेसंबंधीची शासकीय पुनर्वसन संस्था ही या शहरातील आणखी दोन महत्त्वाची ठिकाणे होत.

पहिल्या काही भेटींत पालकांच्या दृष्टीने ‘उपचार’ असे फारसे काही घडत नाही. प्रसूती कशी झाली, मूल केव्हा बसले, केव्हा चालले, पहिला शब्द कोणता, झोप कशी, घरात कोण कोण राहते, असे प्रश्न विचारले जातात. बोलण्यात विलंब असल्यास श्रवणचाचणी करून घेण्यास सांगितले जाते आणि ती टाळू नये, कारण ऐकू न येणारे मूल हट्टी किंवा लक्ष न देणारे वाटू शकते. शाळेचा अहवाल मागितला जातो. मुलाला खेळताना पाहिले जाते. ‘दोन भेटी झाल्या, पण अजून काही सुरूच नाही’ असे म्हणणाऱ्या आजोबांची अधीरता समजण्याजोगी आहे. तरीही पहिल्याच भेटीत, मूल न पाहता, वर्षभराचे पॅकेज सांगणाऱ्या केंद्रापेक्षा प्रश्न विचारणारे केंद्र केव्हाही बरे.

वर्तनाचा हिशेब

यानंतर पालकांच्या हाती बहुधा एक कोरा तक्ता येतो. त्यात तीन रकाने असतात : वर्तनापूर्वी काय घडले, वर्तन नेमके काय होते आणि त्यानंतर काय घडले. ‘खूप त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी असते. ‘दूरदर्शन संच बंद केला, जमिनीवर लोळून सात मिनिटे रडला, आजीने संच पुन्हा सुरू केला’ ही नोंद उपयोगाची. आठवडाभर असा तक्ता प्रामाणिकपणे लिहिला की वर्तनाचे कारण पुष्कळदा तिसऱ्या रकान्यातच सापडते.

सेक्टर १७ च्या बाजारपेठेतील एक कल्पित प्रसंग घ्यावा. फुगेवाला दिसताच मूल फुगा मागते. वडील नकार देतात. मूल किंचाळू लागते, लोक वळून पाहू लागतात, वडील ओशाळून फुगा घेऊन देतात आणि क्षणात शांतता होते. मुलाला शिकवण मिळाली की किंचाळल्याने फुगा मिळतो. वडिलांनाही शिकवण मिळाली की फुगा दिल्याने किंचाळणे थांबते. दोघांनाही आपापले बक्षीस मिळाल्यामुळे हा व्यवहार पुढच्या वेळी अधिक लवकर होतो. अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुटुंबांच्या घरी जाऊन केलेल्या निरीक्षणांतून हे चक्र सविस्तर मांडले. यात मूल वाईट नसते आणि वडीलही दुबळे नसतात. दोघेही एकमेकांकडून चुकीचे शिकत असतात, इतकेच.

पालकांना सर्वांत आधी सांगितली जावी, पण अनेकदा सांगावयाची राहून जाते, अशी गोष्ट म्हणजे सुधारणेपूर्वी वर्तन काही काळ बिघडते. आजवर पाच मिनिटे रडून मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली की मूल पंधरा मिनिटे रडून पाहते, अधिक मोठ्याने रडते, प्रसंगी वस्तू फेकते. नेमक्या याच टप्प्यावर ‘हा उपाय आमच्या मुलाला लागू पडत नाही’ असे ठरवून अनेक घरे माघार घेतात. आणि पंधराव्या मिनिटाला वस्तू दिली तर मूल पंधरा मिनिटे चिकाटी धरावयास शिकते. दहापैकी एखाद्याच वेळी नमते घेतल्यानेही भागत नाही, कारण अधूनमधून मिळणारे बक्षीस सवयीला सर्वांत घट्ट करते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच घरातील सर्व मोठ्यांनी एकच नियम पाळणे हे तंत्राइतकेच महत्त्वाचे ठरते. पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या आजीआजोबांना योजना आधीच विश्वासात घेऊन सांगितली नाही, तर दोन महिन्यांचे श्रम दोन दिवसांत वाया जाऊ शकतात. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला घरच्या घरी अमलात आणू नये. तेथे तज्ज्ञांची देखरेख हवी.

केवळ दुर्लक्षाने काही साधत नाही. किंचाळण्याऐवजी मुलाने काय करावे, हे शिकवावे लागते : बोट दाखवणे, चित्र दाखवणे, ‘दे’ म्हणणे. ते करताच वस्तू किंवा शाबासकी तत्काळ मिळाली पाहिजे. काही केंद्रांत टोकनची पद्धत वापरतात. ठरलेले काम केले की मुलाला एक टोकन मिळते आणि काही टोकने जमली की आवडीची गोष्ट. बँकेच्या काउंटरवर पूर्वी मिळणारे पितळी टोकन ज्यांना आठवते, त्यांना यातील मर्म लगेच कळेल, कारण त्या टोकनची किंमत खिडकीवर रोकड हमखास मिळेल या भरवशात होती. पालकांनी कबूल केलेले बक्षीस ‘उद्या बघू’ म्हणून टाळले की मुलाच्या लेखी ते टोकन खोटे ठरते. मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे यांना या उपचारांत स्थान नाही. शाळेत तर शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे.

घरातील मराठीचे काय?

चंडीगडमध्ये उपचारकाची भाषा हिंदी किंवा पंजाबी, शाळेची इंग्रजी आणि घरची मराठी. अशा वेळी ‘मुलाचा गोंधळ होतो, घरी मराठी बोलणे बंद करा’ असा सल्ला शेजारी, नातेवाईक आणि क्वचित शिक्षकही देतात. उपलब्ध संशोधन या सल्ल्याला दुजोरा देत नाही. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलांच्या भाषेला अधिक विलंब होतो, असे आढळलेले नाही. उलट ज्या भाषेत आईला सहज लाडावता, रागावता व गोष्ट सांगता येते, ती भाषाच काढून घेतली तर मुलाशी होणारा संवाद आक्रसतो. उपचारकाला मात्र मुलाच्या मराठी शब्दांची यादी लिहून द्यावी. उपचारक ‘पानी’ म्हणत असताना ‘मम्म’ म्हणणारे मूल प्रत्यक्षात योग्य उत्तर देत असते. ‘भूर’ म्हणजे बाहेर जाणे, हेही त्यांना कळावयास हवे.

पालकांमार्फत होणाऱ्या उपचारांचा एक महत्त्वाचा प्रयोग मराठी वाचकांच्या शेजारी, गोव्यात झाला. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा सत्रांतून पालकांना मुलाशी खेळण्याची व बोलण्याची रीत शिकवली. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. एका मोजमापात मात्र, म्हणजे दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्यात, अपेक्षेच्या उलट घट दिसली. पूर्ण बरे होण्याचा दावा कोणीही केला नाही आणि हेच या अभ्यासाचे विशेष. सहा वर्षांखालील अतिचंचल मुलांच्या बाबतीतही औषधाआधी पालक-प्रशिक्षण द्यावे, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे.

केंद्राची निवड करताना काही गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. तिचा क्रमांक मागण्यात कोणताही अपमान नाही. उद्दिष्ट मोजता येईल असे लिहून घ्यावे. ‘वर्तन सुधारेल’ असे नव्हे, तर ‘तीन महिन्यांत जेवणाच्या वेळी दहा मिनिटे बसेल’ असे. पालकांना सत्रात बसू न देणाऱ्या केंद्राकडून त्याचे कारण समजून घ्यावे आणि ते न पटल्यास तेथून निघावे. उद्दिष्टे कोणासाठी आहेत, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आनंदाने हात फडफडवणारे मूल कोणाला इजा करीत नाही. केवळ पाहुण्यांना विचित्र वाटते म्हणून ते थांबवण्यात मुलाचे हित नाही. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचारांची जाहिरात दिसल्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आठवावीत. रक्तासंबंधीचे काही आजार वगळता असे उपचार प्रमाणित मानलेले नाहीत.

खर्चाची बाजू

वर्तनोपचार हे महिनोन्‌महिने चालणारे, बहुतांशी बाह्यरुग्ण स्वरूपाचे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले. तरीही ज्या पॉलिसीत फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर भरपाई मिळते, तिच्यात साप्ताहिक सत्रांचा खर्च बसत नाही. हे पॉलिसी वाचूनच तपासावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून बाह्यरुग्ण उपचार व थेरपी यांचाही समावेश आहे. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी लागत नाही, मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रामुळे मुलावर शिक्का बसतो या भीतीने पुष्कळ कुटुंबे ते घेण्याचे लांबणीवर टाकतात आणि तोवर हक्काच्या सवलतींना मुकतात. पावत्या जपून ठेवाव्यात.

बदलीचा प्रश्न या कुटुंबांना विशेष भेडसावतो. दिव्यांग पाल्याची मुख्य काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नियमित बदलीतून, प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून, सूट देण्याच्या सूचना कार्मिक विभागाने २०१४ साली काढल्या. तरीही बदली झालीच, तर चंडीगड सोडण्यापूर्वी उपचारकाकडून लेखी सारांश मागून घ्यावा : निदान, वापरलेल्या चाचण्या व त्यांचे गुण, साध्य झालेली उद्दिष्टे, अर्धवट राहिलेली उद्दिष्टे आणि निष्फळ ठरलेले उपायसुद्धा. महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. हा कार्यक्रम २०१३ साली पालघर येथूनच सुरू झाला. तेथील नव्या उपचारकाच्या हाती ही फाईल पहिल्याच दिवशी द्यावी आणि तिच्यात मराठी शब्दांची ती यादीही असू द्यावी, आतापर्यंत वाढलेली.