शेजारच्या खुर्चीतली बाई : ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारात एकमेकींचा आधार

(आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल, किंवा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसला असाल, तर वाचा. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' शक्य तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत कळवली. "घरचे सगळं करतात हो, तरी एकटं का वाटतं?" आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, "आपल्यासारख्या बायका भेटतात कुठे?" आज या दोन्हींबद्दल बोलूया. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. आता हार्मोनची रोज एक गोळी चालू आहे.

पहिल्या केमोच्या दिवसापासून सुरुवात करते. मी डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून परळला पोचले, नवरा बरोबर होता, पण आत पेशंटलाच सोडत होते. शेजारच्या खुर्चीत जळगावकडच्या एक मावशी. डोक्याला फडकं, मांडीवर डबा. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "पहिलीच ना गं?" मी मान हलवली. मग त्या बोलायलाच लागल्या. उलटीची गोळी उलटी व्हायची वाट बघून घ्यायची नाही, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. घरी गेल्यावर लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, रक्त नाही ते, औषधाचाच रंग आहे. दोन-तीन आठवड्यांत केस हातात यायला लागतील, त्याआधीच बारीक कापून घे, म्हणजे सकाळी उशीकडे बघवत नाही असं होत नाही. आणि घरात थर्मामीटर आहे का? नसेल तर आज जाताना घे. ताप १००.४ ला पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखान्यात फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

आता गंमत ऐका. यातलं जवळजवळ सगळं मला मिळालेल्या माहितीच्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद तीनदा वाचला होता. डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं. मावशींनी सांगितलं आणि शिरलं, कारण सांगणाऱ्या बाईची तिसरी केमो चालू होती आणि ती डब्यातला उपमा खात होती.

आधाराचा पहिला भाग हाच. माहिती तीच असते, पण ती कुठून येते यावर ती पचते की नाही हे ठरतं. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या वेळी साधा तापसुद्धा धोक्याचा असतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण 'रात्री दोन वाजता फोन केला तर कुणी रागावत नाही, मी केलाय' हे मावशींनीच सांगितलं.

दुसरा भाग घरच्यांबद्दलचा आहे आणि तो जरा नाजूक आहे. घरचं माणूस तुमच्यासाठी घाबरलेलं असतं. म्हणून तुम्ही त्याला सांभाळायला लागता. माझा नवरा बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहायचा, मी आत नळ सोडून रडायची, बाहेर येऊन म्हणायची, "काही नाही, तोंड धूत होते." त्याने काही कमी केलं नाही. सासूबाईंनी तर मला सहा महिने गॅसजवळ फिरकू दिलं नाही. पण "मी मरणार का?" हा प्रश्न मी या दोघांसमोर मोठ्याने उच्चारू शकत नव्हते. मावशींना विचारला. त्या म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं गं, रात्री जास्त." बस. उत्तर मिळालंच नाही, पण त्या रात्री मी झोपले.

हे काही नवीन शोधलेलं नाही. अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं १९५२ मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. तेव्हा स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. हात कधी उचलायचा, ब्लाउजच्या आत काय घालायचं, नवऱ्याशी कसं बोलायचं, यातलं त्यांना कुणी काही सांगेना. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच दुसऱ्या बायकांच्या खाटेपाशी जाऊन हे सांगायला लागल्या. काही सर्जन मंडळींना ते मुळीच रुचलं नाही, आमच्या पेशंटपाशी ही कोण येते म्हणून. पण काम टिकलं. 'रीच टू रिकव्हरी' या नावाने ते १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतलं आणि पुढे अनेक देशांत गेलं. कल्पना एवढीच, की ज्या बाईचं ऑपरेशन काल झालंय तिच्यासमोर जिचं दोन-तीन वर्षांपूर्वी झालंय अशी बाई, नीट साडी नेसून, दोन्ही हात वर करून उभी राहते. अर्धं काम तिथेच होतं.

आपल्याकडे मुंबईत वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर सगळ्यांना ठाऊक आहे, परळला उपचाराला येणारे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आमच्या मावशीही तिथेच होत्या. तिथे कुणी 'सपोर्ट ग्रुप' असा शब्द वापरत नाही. पण संध्याकाळी कुणाचा काउंट किती आला, कुणाला आज जेवण गेलं, हे एकमेकींना विचारलं जातं. दुसरं काय असतं सपोर्ट ग्रुपमध्ये?

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायची आहे, कारण यावरून खूप जणींचा छळ होतो. "ग्रुपमध्ये जा, पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर पळून जाईल." हे कुठून आलं? १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायका. त्यातल्या काही जणी आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसून बोलत, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. एकत्र बसणाऱ्या बायका सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. बातमी जगभर गेली. पण नंतर कॅनडात जास्त बायका घेऊन, २३५ जणींवर, हाच प्रयोग केला. २००१ मध्ये त्याचा निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये तर खुद्द स्पीगल यांच्याच पुढच्या अभ्यासात एकूण बायकांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

मग उपयोग काय? त्याच कॅनडातल्या अभ्यासात असं दिसलं की एकत्र बसणाऱ्या बायकांची मनाची तगमग कमी झाली आणि दुखणंही कमी जाणवलं. विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या, त्यांना. माझ्या मते एवढं भरपूर आहे. तुम्ही आठवडाभर रडलात म्हणून गाठ वाढत नाही. हसलात म्हणून विरघळत नाही. औषध आपलं काम करतं, मैत्रीण आपलं. कुणी नातेवाइकाने "तू मनाने हरलीस" असं म्हटलं तर त्यांना हा भाग ऐकवा, वर माझं नाव सांगा.

बरं, भेटतात कुठे? सगळ्यात सोपी जागा रेडिएशनची रांग. केमोला तीन आठवड्यांनी, नाहीतर आठवड्याने एकदा जायचं, शेजारी दर वेळी वेगळी बाई. पण रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, रोज साधारण त्याच वेळेला, असं तीन आठवडे किंवा जास्त चालतं. त्याच चार-पाच जणी रोज भेटतात. आमच्या बाकावर पाच जणी होत्या. एकीने ऑपरेशननंतरच्या ड्रेनच्या बाटलीसाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवली होती, तिचा नमुना पुढे किती जणींकडे गेला कोण जाणे. दुसरीने सांगितलं की ब्लाउजमध्ये नुसता कापूस भरला तर तो हलका असल्याने वर सरकतो, म्हणून तिने जखम पूर्ण भरल्यावर कापडी गोळ्यात खालच्या बाजूला थोडी मोहरी घालून तो शिवला. बाजारात सिलिकॉनचे मिळतात, पण महाग पडतात. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडणार?

रांग नसेल तर हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा. बहुतेक मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत हा विभाग असतो आणि लोक तिथे फक्त पैशांच्या मदतीसाठी जातात. सरळ म्हणा, "माझ्यासारखंच ऑपरेशन झालेल्या, माझ्या वयाच्या बाईशी बोलायचंय." वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चाळिशीतल्या, पस्तिशीतल्या बायकाही खूप असतात. त्यांचे प्रश्न मुलांच्या शाळेचे, नोकरीचे, अचानक पाळी थांबण्याचे. त्यांना साठीच्या काकू प्रेम देतील, पण हे नाही सांगू शकणार. गावात कुणी नसेल तर फोनवरची एक मैत्रीण पुरते. ग्रुपच हवा असं नाही. आणि घरी कळू द्यायचं नाही, मुलीचं लग्न ठरायचंय, अशी अडचण असणाऱ्या ताया मला रोज लिहितात. त्यांच्यासाठी तर एकच माणूस, फोनवर, हे बरं.

काय विचारायचं आणि काय नाही, हे मात्र ठरवून ठेवा. तोंड आलं तर तू काय खाल्लंस, विग कुठून घेतला, हात कितीपत उचलता येतो, हे विचारा. "तिला ते महागडं इंजेक्शन दिलं, मला का नाही?" हे तिला विचारून उपयोग नाही. स्तनाचा कॅन्सर एक नाही. रिपोर्टवर इआर, पीआर, हर-टू असं लिहिलेलं असतं, त्यावर औषध ठरतं. हर-टू पॉझिटिव्ह नसेल तर ते इंजेक्शन देऊन फायदाच नाही. एकाच स्टेजच्या दोन बायकांचे उपचार म्हणून वेगळे असू शकतात, आणि त्यात कुणावर अन्याय झालेला नसतो. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा. "बायोप्सी केली की पसरतो" असा मेसेज ग्रुपवर आला तर तिथल्या तिथे खोडा. त्या मेसेजपायी बायका महिने घालवतात. गोमूत्र, काढे, "केमो बंद कर, माझ्या मावसबहिणीला गुण आला" हे दुसरं. ग्रुप चालवणारीने इथे कडक असायला हवं. भिडेखातर गप्प बसणं परवडत नाही.

एकमेकींचा आधार म्हणतो तेव्हा 'एकमेकींचा' हा शब्द खराच आहे. माझ्या तिसऱ्या केमोला एक नवीन मुलगी आली, थरथरत होती. मी तिला थर्मामीटरचं सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. तोवर मी घरात नुसती 'आजारी' होते.

आता उरलेलं, जे मी सांगायचं टाळत होते. आमचे उपचार संपल्यावर दीड वर्षाने मावशींचा कॅन्सर हाडांत निघाला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. आणि मग शांतता. मीही फोन केला नाही. एक आठवडा, दोन, जवळजवळ दोन महिने. कारण सांगते, मला त्यांच्या जागी मी दिसत होते. ज्या बाईने मला पहिल्या दिवशी सावरलं, तिला मी घाबरले.

हे फक्त माझं नाही. उपचार संपवून बाहेर पडलेल्या बायकांच्या ग्रुपमध्ये जिचा आजार परत आला ती बाई बाकीच्यांची भीती होऊन बसते. तिला ते कळतं, आणि ती आपणहून गप्प होते. म्हणून आजार पसरलेल्या बायकांसाठी शक्यतो वेगळं मंडळ असावं. स्पीगल यांच्या अभ्यासातल्या बायका तशाच होत्या आणि त्या आठवड्याला मरणाबद्दलही मोकळेपणाने बोलत. वेगळं मंडळ म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. जुन्या मैत्रिणींनी फोन करत राहायचाच.

शेवटी मी केला फोन. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. मावशींनी "कोण?" विचारलं, मी नाव सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "अगं, बरं झालं, मला त्या पिशवीचा नमुना हवाय, इथे वॉर्डात एकीला शिवून द्यायचीय." मी माफी मागितली तर म्हणाल्या, "ते राहू दे, नमुना पाठव आधी."

आता त्यांना गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन चालू आहे, तीन महिन्यांनी स्कॅन. परळला आल्या की मी डबा घेऊन जाते. आमच्यात वादाचा विषय सध्या एकच, भरीत कुठल्या वांग्याचं.

पुढच्या भागात ऑपरेशननंतर हात सुजतो त्याबद्दल एका फिजिओथेरपिस्ट ताईंशी बोलणार आहे. प्रश्न असतील तर पाठवून ठेवा, व्यायाम कुठले करताय तेही लिहा.